‘ओके बूमर’ मराठीत कसं आणायचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही एका इंग्रजी मालिकेची मराठी सबटायटल्स करताय. सोळा वर्षांची मुलगी बेचाळीस वर्षांच्या बापाला ‘ओके बूमर’ म्हणते आणि खोलीचं दार लावून घेते. तुम्ही लिहिलंत, ‘ठीक आहे, म्हाताऱ्या’. एका तपासनीसानं शेरा मारला की बाप म्हातारा नाही, भाषांतर चूक. दुसरा म्हणाला, बूमर तसाच ठेवा, हल्ली सगळ्यांना कळतं. आता तुम्ही विचारताय की बूमर नेमकं कुणाला म्हणतात, किती वयाच्या माणसाला म्हणतात आणि ही शिवी आहे का.

मी सतराएक वर्षं सबटायटल्स आणि डबिंगच्या संहिता लिहिते. या दोन शब्दांनी मला बऱ्याचदा अडवलंय, म्हणून जरा लांबड लावते. तुमचे दोन्ही तपासनीस अर्धे बरोबर आहेत. पण खरी अडचण वयाची नाहीच. हा एकच शब्द आज तीन वेगवेगळी कामं करतो, आणि शब्दकोश बहुतेक वेळा पहिलंच काम सांगून थांबतो. तुमच्या प्रसंगात तो तिसरं काम करतोय.

पहिलं काम लोकसंख्येच्या हिशेबाचं. दुसरं महायुद्ध १९४५ मध्ये संपलं, लाखो अमेरिकन सैनिक घरी परतले, लग्नं झाली. त्यात १९४४ च्या एका कायद्यानं माजी सैनिकांना शिक्षणासाठी पैसा आणि घरकर्जाची हमी दिली होती, म्हणजे विशीतच संसार मांडायची सोय. १९४५ साली अमेरिकेत साधारण साडेअठ्ठावीस लाख मुलं जन्मली होती. पुढच्याच वर्षी हा आकडा चौतीस लाखांच्या घरात गेला आणि १९५७ मध्ये त्रेचाळीस लाखांवर पोचला. मग १९६० साली गर्भनिरोधक गोळीला मान्यता मिळाली, लग्नाचं वय वाढू लागलं, आणि १९६५ मध्ये जन्म चाळीस लाखांच्या खाली उतरले. हा जो फुगवटा, तो ‘बेबी बूम’. त्यात जन्मलेले ते बेबी बूमर. अमेरिकेचं जनगणना खातं १९४६ ते १९६४ ही वर्षं धरतं, आणि त्या काळातले जन्म भरतात साधारण साडेसात कोटी. लोकसंख्येचा अभ्यास करणारे याला अजगरानं गिळलेल्या डुकराची उपमा देतात, कारण आलेखावर तो फुगवटा दर दशकाला पुढे सरकत जाताना दिसतो. आधी शाळा कमी पडल्या, मग नोकऱ्या, मग घरं, आता निवृत्तिवेतन.

एक गोष्ट इथंच सांगून टाकते. ‘बूम’ म्हणजे इथं धडाडधूम आवाज नव्हे, अचानक आलेली तेजी. शेअर बाजारात येते तशी. मी एका मसुद्यात ‘स्फोटक पिढी’ असं वाचलंय. कृपा करून तसं करू नका.

हा फुगवटा सगळीकडे एकाच वेळी आला नाही. ब्रिटनमध्ये त्याची दोन शिखरं दिसतात, एक १९४७ ला आणि दुसरं १९६४ ला. जर्मनी युद्धानं इतका मोडला होता की तिथं तो उशिरा आला आणि १९६४ मध्ये शिगेला पोचला. जपानमध्ये तो जेमतेम तीन वर्षांचा, १९४७ ते १९४९. त्या पिढीला ते ‘दान्काई’ म्हणतात, म्हणजे ढेकूळ किंवा गोळा. मूळ शब्द भूगर्भशास्त्रातला. तेव्हा पात्र कोणत्या देशातलं, यावर उत्तर थोडं बदलतं. आणि जिथं असा फुगवटा आलाच नाही तिथल्या माणसाला या पहिल्या अर्थानं बूमर म्हणताच येत नाही, मग तो कितीही वयाचा असो.

त्यापुढच्या पिढ्यांच्या सीमा प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेच्या धरल्या, तर १९६५ ते १९८० जेन एक्स, १९८१ ते १९९६ मिलेनियल, १९९७ ते २०१२ जेन झी. या रेघा कुणी दगडावर कोरलेल्या नाहीत. प्यूनंच २०२३ मध्ये जाहीर केलं की यापुढे ही लेबलं आपण जपून वापरू. तरी तुमच्या कामापुरता हिशेब सरळ आहे. मालिका आजच्या काळातली असेल तर बेचाळीशीचा बाप मिलेनियल ठरतो. बूमरच्या तो दोन पिढ्या अलीकडचा. म्हणजे पहिल्या तपासनीसाचं म्हणणं रास्त आहे, पण मग त्यानं ती मुलगीच चुकतेय असंही म्हणायला हवं. ती चुकत नाहीये.

कारण शब्दाचं दुसरं काम. बरीच वर्षं बूमर हा साधा, काहीसा कौतुकाचाच शब्द होता. जाहिरातवाले, विमावाले, निवृत्तीचे सल्लागार तो वापरायचे. मग बूमरांच्या मुलांची आणि नातवंडांची पिढी घर घ्यायला बाहेर पडली आणि घरं परवडेनात. शिक्षणाचं कर्ज डोक्यावर, २००८ ची मंदी ऐन उमेदीच्या वर्षांत, वर हवामानाची टांगती तलवार. त्यात ‘आम्ही तुमच्या वयात घर घेतलं होतं, तुम्हाला कष्ट नकोत’ हे ऐकायचं. हळूहळू बूमर हा शब्द जन्मवर्षापासून सुटला आणि त्या सुराला जाऊन चिकटला. २०१८ च्या सुमारास ‘तीस वर्षांचा बूमर’ नावाचं एक चित्र इंटरनेटवर फिरत होतं. तिशीतच पोक्त झालेला एक इसम, हातात एनर्जी ड्रिंकचा डबा, समोर हिरवळ कापायचं यंत्र, आणि तोंडी जुन्या व्हिडिओ गेम्सचं कौतुक. तो मुळात बूमर नाही यातच विनोद होता. त्याच सुमाराला जुन्या वळणाच्या गोळीबारी गेम्सना ‘बूमर शूटर’ हे नाव पडलं. ज्या गेम्सच्या धाटणीवर ते बेतलेत त्या १९९० च्या दशकातल्या, आणि तेव्हा त्या खेळणारी पोरं खऱ्या बूमरांची पोरं होती! हिशेब कुठल्या कुठे गेला, तो असा.

दुसऱ्या अर्थाचा बूमर म्हणजे काय, हे व्याख्येपेक्षा सवयींवरून पटकन कळतं. प्रत्येक मेसेजच्या शेवटी तीन टिंबं टाकणारा. (‘जेवण झालं…’ हे वाचून पोरांना वाटतं काहीतरी भयंकर घडलंय.) मेसेजनं भागत असताना फोन करणारा. नोकरी हवी तर सरळ साहेबाच्या दारात जाऊन उभा राहा, असा सल्ला देणारा. स्वतःच्या काळातलं नशीब हे स्वतःचं कर्तृत्व समजणारा. वय पंचवीस असलं तरी चालतं. माझ्या हाताखाली काम करणारी एक मुलगी तिच्याहून तीन वर्षांनी मोठ्या भावाच्या ‘बूमरगिरी’बद्दल तक्रार करत होती. शब्दाला ‘गिरी’ लागली की तो मराठीत राहायला आला असं मी समजते.

आता तिसरं काम, तुमच्या दारापाशी आलेलं. ‘ओके बूमर’ हा शब्द नव्हेच, ती एक कृती आहे. वाद न घालता वाद संपवायची. २०१९ च्या अखेरीस हे दोन शब्द एकदम जगभर पसरले, आणि त्याचा सगळ्यांत गाजलेला नमुना न्यूझीलंडच्या संसदेतला आहे. नोव्हेंबर २०१९. ग्रीन पक्षाच्या क्लोई स्वॉरब्रिक, वय पंचवीस, हवामानबदलासंबंधीच्या ‘शून्य कार्बन’ विधेयकावर बोलत होत्या. २०५० साली मी छप्पन्न वर्षांची असेन आणि या सभागृहाचं आजचं सरासरी वय एकोणपन्नास आहे, असा त्यांचा मुद्दा चाललेला. समोरच्या बाकांवरून कुणीतरी मध्येच टोकलं. त्यांनी मान जराशी वळवली, हात किंचित हलवला, ‘ओके बूमर’ म्हटलं आणि पुढचं वाक्य सुरू केलं. ना विराम, ना रागाचा सूर. ती चित्रफीत बघाच, कारण तुमच्या मुलीचा स्वर तोच असणार. टोकणारे म्हणून ज्यांचं नाव आलं ते टॉड मुलर १९६८ चे, म्हणजे काटेकोर हिशेबानं जेन एक्स. तरी टोला बरोबर बसला.

आपल्या धंद्याच्या दृष्टीनं यातली खरी गंमत निराळीच आहे. तिथल्या संसदेच्या वाहिनीच्या सबटायटलमध्ये हे उमटलं ‘ओके, बर्मा’ असं काहीतरी. टंकणाऱ्याला शब्दच ठाऊक नसावा, त्याला हे कुणाचं तरी नाव वाटलं असावं. मला त्याची मनापासून कणव येते. मीही सुरुवातीच्या काळात एका पाणबुडीपटात ‘दोन बूमर अटलांटिकमध्ये शिरलेत’ या वाक्याचं ‘दोन बॉम्बर विमानं अटलांटिकवर आलीत’ असं करून दिलं होतं. अमेरिकी नौदलाच्या बोलीत बूमर म्हणजे अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रांची पाणबुडी. दिग्दर्शकाच्या माणसानं शांतपणे विचारलं, विमानं पाण्याखाली काय करतायत? तेव्हापासून हा शब्द दिसला की मी आधी मालिका कुठली ते बघते. ऑस्ट्रेलियात बूमर म्हणजे दांडगा नर कांगारू, आणि त्यावरूनच त्यांच्या पुरुषांच्या बास्केटबॉल संघाचं नाव बूमर्स. हवेत इंधन भरणाऱ्या विमानात नळी चालवणाराही बूमर. जुन्या अमेरिकी रेल्वेत गावोगाव काम धरत भटकणारा कामगारही बूमर. पिढीशी यांचा काडीचा संबंध नाही.

शिवी आहे का, याचं एका शब्दात उत्तर देता येत नाही, पण माझं मत स्पष्ट आहे. जात, वर्ण, धर्म यांवरून दिलेल्या शिवीच्या पंगतीला हा शब्द बसवणं हास्यास्पद आहे. २०१९ मध्ये एका अमेरिकी रेडिओ निवेदकानं तशी तुलना केली आणि त्याचं हसंच झालं. ताकद कुणाच्या हाती आहे त्यावर शब्दाचं वजन ठरतं. मुलीनं बापाला, नवख्या खासदारानं जुन्या खोडांना म्हटलं तर तो चिमटा. पण नोकरी देणाऱ्यानं उमेदवाराला म्हटलं तर? हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात खरोखर निघालाय. जानेवारी २०२० मध्ये वयावरून होणाऱ्या भेदभावाच्या एका खटल्यात सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी वकिलाला विचारलं, की भरती करणारा मुलाखतीत एकदाच ‘ओके बूमर’ म्हणाला तर तेवढ्यावर दावा उभा राहील का. सभागृहात हशा पिकला. तिथला १९६७ चा कायदा चाळिशीपासून पुढच्यांना संरक्षण देतो, म्हणजे तुमचा मिलेनियल बापही त्यात बसतो. सांगायचं हे, की कचेरीतल्या प्रसंगात मी हा शब्द घराच्या दारातल्यापेक्षा कडक लावीन.

आता तुमची ओळ. सबटायटलसाठी धरते; डबिंग असेल तर त्याचं पुढे बोलते. ‘ओके बूमर’ म्हणायला एक सेकंदही लागत नाही, तेव्हा तुमच्याकडे फार तर पंधरा-वीस अक्षरं आहेत.

‘ठीक आहे, म्हाताऱ्या’. यातले दोन्ही तुकडे घसरलेत. मराठीत ‘ठीक आहे’ म्हणजे खरोखरची संमती, किंवा फार तर धमकी. मुलगी दोन्ही देत नाहीये. आणि ‘म्हाताऱ्या’ ही हाक शरीरावर जाते, विचारावर नाही. बापाला अशी हाक मारणारी मुलगी प्रेक्षकांच्या मनातून तिथल्या तिथे उतरते. मूळ मालिकेत ती आगाऊ आहे, दुष्ट नाही.

खरं वजन त्या ‘ओके’त आहे, आणि इथं मराठी इंग्रजीपेक्षा श्रीमंत आहे. एकेरी ‘बरं’ म्हणजे होकार. ‘बरं बरं’ म्हणजे ऐकलं, आता पुरे. ‘बरं हं’ म्हणजे लहान मुलाची समजूत काढल्यासारखं. ‘हो का’ म्हणजे मला पटलेलं नाही. ‘असेल असेल’ म्हणजे तुझ्याशी कोण डोकं लावणार. शब्द दुप्पट केला की होकार निम्मा होतो, ही आपल्या भाषेची खोड इथं हवी तशी कामाला येते.

सगळ्यांत नेमकं खरं तर ‘बरं बाबा!’ हे होतं. कुणाही हट्टी माणसाला आपण तेच म्हणतो. पण तुमच्या प्रसंगात समोर खराखुरा बाबा उभा आहे, त्यामुळे वाचणाऱ्याला ती आज्ञाधारक लेक वाटेल. डबिंगमध्ये मी हेच घेईन. आवाज देणारी मुलगी ‘बाऽबा’ असं ओढेल आणि काम होईल, शिवाय ओठ ‘बू’ला मिटतात तिथंच ‘बा’ला मिटतात. कागदावरच्या अक्षरांना स्वर नसतो, म्हणून सबटायटलमध्ये नको.

‘कोपरापासून नमस्कार’ मला फार आवडतं. भाव अगदी तोच आहे, तुम्ही थोर, मी चालले. पण आज सोळा वर्षांची मुलगी असं बोलेल का? तिच्या तोंडी हे घातलं तर तीच बूमर वाटायची. पन्नाशीच्या दोन मैत्रिणींच्या संवादात मात्र बेधडक वापरा. ‘झालं तुमचं पुराण?’ हे चालेल, फक्त त्याआधी बापानं बरंच लांबलचक काहीतरी सांगितलेलं हवं. एका वाक्यावर हे उत्तर जड पडतं.

माझी पसंती ‘आजोबा’ला आहे. पोक्तपणे बोलणाऱ्या चिमुरडीला आपण ‘आजीबाई’ म्हणतोच ना? तिथं वयाचा संबंध नसतो, बोलण्याच्या वळणाचा असतो. बूमरच्या दुसऱ्या अर्थाचा हा घरचाच मार्ग आहे, आणि बेचाळिशीच्या बापाला ‘आजोबा’ म्हटल्यावर तो म्हातारा नाही हा आक्षेपही गळून पडतो, कारण चेष्टा त्याच विसंगतीवर उभी आहे. त्याला एक छोटी जोड द्या. ही मुलगी इतर भागांत बापाला ‘तू’ म्हणत असेल, तर या एका ओळीत तिला ‘तुम्ही’वर न्या. ‘बरं आजोबा, तुमचंच खरं.’ रोजच्या ‘तू’मधून अचानक आलेला हा ‘तुम्ही’ दारापेक्षा जोरात आपटतो. उलट ती नेहमीच ‘तुम्ही’ म्हणत असेल तर हा डाव फुकट जाईल. मग नुसतं ‘बरं बरं, आजोबा’ पुरे. आणि मालिकेत खरे आजोबा वावरत असतील तर हे सगळंच बाद, तेव्हा ‘हो हो, तुमचंच खरं’ लिहा आणि वयाचा धागा सोडून द्या. तोटा होतो, पण सोसण्याजोगा.

दुसऱ्या तपासनीसाचा ‘बूमर तसाच ठेवा’ हा सल्ला मी सरसकट नाकारत नाही. प्रेक्षक विशीतला असेल आणि मालिका त्यांच्यासाठीच असेल तर ‘ओके बूमर’ देवनागरीत सरळ ठेवून मोकळे व्हा. तो शब्द त्यांच्या रोजच्या बोलण्यात आहे, त्याचं मराठीकरण त्यांना केविलवाणं वाटेल. मात्र घरातली सगळी मंडळी एकत्र बघतात अशी मालिका असेल तर निम्म्या प्रेक्षकांना ते एखाद्याचं नाव वाटायचा धोका आहे, तो ‘बर्मा’ आठवा. ठेवलात तर ‘बू’ दीर्घ, अनेकवचनाला मी ‘बूमर’च ठेवते, ‘बूमर्स’ नाही. विभक्ती लागली की ‘बूमरांना’, ‘बूमरांचं’. जसं डॉक्टर, डॉक्टरांना.

राहता राहिली एक गोष्ट, आणि ती तुमच्या प्रश्नात नाही. दार लागल्यावर बाप काय म्हणतो? अशा प्रसंगात लेखकांचा आवडता पुढचा संवाद म्हणजे बाप बंद दाराला सांगतो, ‘मी मिलेनियल आहे!’ तसं असेल तर माझं वरचं सगळं आजोबाप्रकरण मोडीत निघालं. मग बूमर ठेवावाच लागेल, नाहीतर त्याचं उत्तर हवेत लोंबकळेल. ती पुढची ओळ आधी बघा, आणि मला कळवा.